कळसूबाई: उंची समुद्रापासून मोजतात, चढ बारीपासून

वाईच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात वाद सुरू झालाय. सासरे म्हणतात, महाबळेश्वरापेक्षा उंच आपल्याकडं काही नाही. पाचवीतला मुलगा भूगोलाचं पुस्तक उघडून कळसूबाई दाखवतो. या सगळ्यात सासूबाईंनी मनातलं बोलून दाखवलं, की एकदा त्या देवीचं दर्शन घ्यायचंय. त्यांचं वय ५८, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. दिवाळीनंतर त्यांना नेता येईल का, शिड्या कितपत अवघड आहेत आणि पोराला सोबत घ्यावं का, असं ताईंनी विचारलंय.

मी साताऱ्यात राहतो आणि गेली २६ वर्षं लोकांना डोंगरावर नेतो. कळसूबाईला तीसेक वेळा गेलोय, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा पन्नाशी ओलांडलेली माणसं बरोबर होती. आधीच सांगतो, नेता येईल. पण त्याला दोन महिन्यांची तयारी लागेल, आणि ती तयारी तुमच्या वाईतच होईल.

आधी वाद मिटवू. पोराचं बरोबर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. दुसऱ्या नंबरला बागलाणातला साल्हेर, १,५६७ मीटर. महाबळेश्वरचा सर्वात उंच भाग म्हणजे विल्सन पॉइंट, तो साधारण १,४३८ मीटर. म्हणजे कळसूबाई त्याच्यापेक्षा दोनशे मीटरनं जास्त. तरीपण मामंजींची बाजू अगदीच टाकाऊ नाही. सातारा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर महाबळेश्वरचं पठार सगळ्यांत वरचढ आहेच. आणि मुलालाही एक दुरुस्ती सांगा. 'सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर' म्हणताना पुढं 'महाराष्ट्रातलं' हा शब्द जोडायचा. सबंध पश्चिम घाट धरला तर मान केरळातल्या अनाईमुडीचा, २,६९५ मीटर. ते इडुक्की जिल्ह्यात, एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथला दगड आपल्या काळ्या कातळाहून कितीतरी जुना, वेगळ्याच जातीचा आहे.

पण ताई, या आकड्यांवरून चढाईचा अंदाज बांधू नका. विल्सन पॉइंटला सासूबाई गाडीतून उतरून चार पावलांत पोचतील. शिखराची उंची समुद्रापासून मोजतात, आपले पाय मोजतात ती पायथ्यापासूनची. कळसूबाईचा पायथा म्हणजे बारी हे गाव, आणि तिथून माथ्यापर्यंतचा चढ आठशे-साडेआठशे मीटरचा. आमच्या साताऱ्याच्या भाषेत सांगायचं तर अजिंक्यतारा गावातून अडीचशे-तीनशे मीटर वर आहे. तेव्हा एकावर एक तीन अजिंक्यतारे, मध्ये घरी न येता. मी नवीन माणसाला हाच हिशोब सांगतो, कारण सातारकराला 'साडेआठशे मीटर' म्हटलं तर काही कळत नाही, 'तीन अजिंक्यतारे' म्हटलं की तो लगेच पायाकडं बघतो.

आता हा डोंगर आहे कुठं आणि असा का आहे, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण चढताना त्याचा उपयोग होतो. शिखर अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात, अगदी नाशिक जिल्ह्याच्या हद्दीला लागून. पलीकडं इगतपुरी तालुका. पुष्कळांना वाटतं की सह्याद्रीची जी मुख्य धार कोकण आणि देश वेगळे करते, तिच्यावर हे शिखर असणार. तसं नाही. मुख्य धारेपासून पूर्वेकडं फुटलेली एक रांग आहे. पश्चिमेला कुलंग, मदन, अलंग हे तीन बेलाग किल्ले, मग कळसूबाई, मग पूर्वेला औंढा, पट्टा असं करत ती खाली खाली जाते. म्हणून महाबळेश्वराला जी गंमत आहे, की कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, ती इथं नाही. कळसूबाईच्या उत्तरेला पडलेला पाऊस दारणेत जातो, दक्षिणेला पडलेला प्रवरेत, आणि दोन्ही नद्या शेवटी गोदावरीलाच मिळतात. दक्षिणेच्या अंगाला प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण. ते १९२६ साली झालं आणि त्याला विल्सन यांचंच नाव आहे. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन. तुमच्या महाबळेश्वरच्या पॉइंटलाही त्यांचंच नाव.

तुम्ही वाईच्या, म्हणून आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. दख्खनचं पठार ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे थरावर थर साचून झालं. भूवैज्ञानिकांनी आपल्या पश्चिम घाटातल्या या थरांचे तीन उपगट केले: सर्वात खालचा आणि जुना तो कळसूबाई उपगट, मधला लोणावळा उपगट, आणि सर्वात वरचा, तरुण, तो वाई उपगट. होय, तुमच्याच वाईच्या नावाचा. हे थर दक्षिणेकडं किंचित कललेले आहेत. त्यामुळं उत्तरेत वयानं थोर असलेला दगड आज आकाशात उभा आहे, आणि त्याच्यानंतर जन्मलेला महाबळेश्वरचा दगड उंचीनं त्याच्या खाली. मुलाला हे सांगा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा हे त्याच्या जास्त लक्षात राहील.

या थरांचा चढाईशी थेट संबंध आहे. लाव्ह्याचा प्रत्येक थर वरपासून खालपर्यंत सारखा टणक नसतो. मधला भाग घट्ट, काळा, तो उभ्या कड्यासारखा उरतो. वरचा भाग बुडबुड्यांनी भरलेला, भुसभुशीत, तो झिजून उतार आणि सपाटी होते. कुठं कुठं दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टाही दिसतो. म्हणूनच आपल्या सगळ्या डोंगरांना पायऱ्या पडलेल्या दिसतात. 'डेक्कन ट्रॅप' यातला ट्रॅप हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कळसूबाईवर याचा अर्थ असा, की चढ, मग कातळाची भिंत, मग दम खायला सपाटी, पुन्हा चढ, पुन्हा भिंत. जिथं जिथं टणक थराची भिंत आडवी येते तिथं लोखंडी शिडी लावलेली आहे. शिडी आली की समजायचं, वर गेल्यावर थोडी सपाटी मिळणार. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवलंत तर शिडी दिसल्यावर त्या घाबरणार नाहीत, उलट विसावा जवळ आला म्हणतील.

वाट अशी. बारी गावातून निघालं की भाताची खाचरं आणि एक ओढा ओलांडून वाट चढू लागते. थोड्या अंतरावर देवीचं एक खालचं देऊळ आहे. ज्यांना माथा गाठणं जमत नाही ते इथंच दर्शन घेतात, ओटी भरतात. हे देऊळ लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे. मग दगडी पायऱ्या आणि मुरमाची वाट, मग पहिली शिडी. अशा तीन-चार ठिकाणी शिड्या लागतात, त्यांना कठडे आहेत. एके काळी लोक नुसत्या साखळ्या धरून हे कातळटप्पे चढत. शेवटच्या शिडीच्या खाली एक विहीर आहे, तिथं गावातली मंडळी सरबत, भजी घेऊन बसतात. वर माथ्यावर जागा फार नाही. देऊळ लहानसं, आत एका वेळी दोन-तीन माणसं मावतात. सासूबाईंना सांगा, मोठ्या देवळाची अपेक्षा धरून येऊ नका. चहूबाजूंनी आभाळ आणि मधे एवढंसं देऊळ, हेच तिथलं वैभव आहे.

देवीची कथा तिकडचे महादेव कोळी सांगतात. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, पण केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर. एक दिवस घरच्यांनी तिला तीच कामं करायला लावली. तिनं ती केली आणि डोंगरावर निघून गेली ती कायमची. जिथं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, जिथं केर टाकला तो काळदरा, असं म्हणतात. मी ही कथा बारीत एका आजींकडून त्यांच्या ओट्यावर बसून ऐकली. तुम्ही आदल्या रात्री गावात मुक्काम केलात तर सासूबाईंनी नक्की विचारावं. बायका बायकांना ती वेगळ्या तऱ्हेनं सांगतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, शिड्या. चढताना शिडीवर फारसं कुणी अडत नाही. अडतात ते उतरताना. आमच्या एका तुकडीत साताऱ्याचेच एक निवृत्त गृहस्थ होते, वय ६२. चढताना सगळ्यांच्या पुढं. उतरताना शिडीच्या तोंडाशी आले, खालची दरी दिसली आणि जागच्या जागी थिजले. तोंड दरीकडं, दोन्ही हात मागं कठड्याला घट्ट धरलेले, बोटं पांढरी पडलेली. मागं पस्तीस-चाळीस माणसं खोळंबली, कुणी कुणी ओरडायला लागलं. मी मागच्यांना बसवलं. काकांना म्हटलं, दरीकडं पाठ करा, कातळाकडं तोंड, जशी घरातली शिडी उतरता तसं. मी दोन दांडे खाली उतरलो, त्यांची टाच हातात धरली आणि दांड्यावर टेकवली. 'आला का दांडा?' 'आला.' 'भार द्या.' मग दुसरी टाच. सहा-सात दांडे असे उतरल्यावर ते म्हणाले, आता सोडा, जमतंय. त्यांच्या हातापायांत ताकद पुरेपूर होती. फक्त उतरायचं कसं ते त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून घरातली माळ्यावर जायची शिडी असेल तर सासूबाईंना आठ-दहा वेळा चढउतार करायला लावा. तोंड शिडीकडं, तीन टेकू कायम, एक हात किंवा एक पाय एवढंच हलवायचं. साडी असेल तर ती नऊवारीसारखी आवरलेली, नाहीतर सलवार. शिडीवर पायात साडीचा काठ आला तर पंचाईत होते.

गुडघ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. आधी डॉक्टरांना दाखवा, सूज असेल किंवा गुडघा मधेच अडकत असेल तर यंदा विषय थांबवा. फक्त दुखत असेल आणि डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली असेल तर पुढचं करा. पहिले तीन आठवडे एक दिवसाआड सोनजाईचा डोंगर. चढायची घाई नाही, पण उतरताना लक्ष द्यायचं: पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, दोन्ही हातांत काठ्या. काठी उतरताना गुडघ्यावरचा पुष्कळ भार घेते, आणि ती वापरायला शिकावं लागतं. पहिल्यांदाच कळसूबाईवर हातात घेतली तर ती पायांतच येते. शिडी आली की दोन्ही काठ्या दुसऱ्याकडं द्यायच्या, हात मोकळे हवेत. त्यानंतरचे तीन आठवडे वैराटगड किंवा पांडवगड, दर रविवारी. शेवटी एक परीक्षा: पांडवगड एका दमात वर आणि खाली, पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई जमिनीवरून हात न टेकता उठल्या आणि जिना नेहमीसारखा उतरल्या, तर गाडी ठरवा. नाही उठल्या, तर बारीच्या खालच्या देवळात ओटी भरायची आणि बाकीच्यांनी वर जायचं. यात कमीपणा काही नाही. बारीतल्या म्हाताऱ्या बायकाही तेच करतात.

धाप लागली तर 'उंचीवर हवा विरळ असते' म्हणून घाबरू नका. हवा विरळ झाल्याचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढं सुरू होतो. इथं लागते ती धाप आपल्या वेगामुळं. दोन वाक्यं न थांबता बोलता येतील इतक्याच वेगानं चालायचं, हा माझा नियम. सासूबाई पुढं आणि बाकी सगळे त्यांच्या मागं. हे फार महत्त्वाचं आहे. सगळ्यात सावकाश चालणारं माणूस मागं राहिलं की बाकीचे बसून त्याची वाट बघतात, आणि ते पोचलं की लगेच उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. अशानं कितीतरी म्हातारी माणसं दमून गेलेली मी पाहिली आहेत आणि मला त्याचा राग येतो.

दिवस निवडताना दिवाळीनंतरचाच निवडा, नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात या भागात प्रचंड पाऊस पडतो, ढगात काही दिसत नाही, लोखंड आणि कातळ दोन्ही निसरडं होतं, आणि नेमकी तेव्हाच शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात. ओल्या कपड्यांत शिडीखाली तासभर वाऱ्यात उभं राहणं हे चढाईपेक्षा वाईट. नवरात्रात जत्रा असते, श्रद्धेनं पाहण्यासारखी असते, पण गुडघेदुखीच्या माणसाला घेऊन त्या गर्दीत जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये वरच्या टप्प्यात सावली नाही. तुम्ही मंगळवार-बुधवार असा मधला वार काढू शकलात तर शिड्या तुमच्या एकट्याच्या.

एक धोका लोक विसरतात, तो विजेचा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारी ढग झपाट्यानं चढतात. एका ऑक्टोबरात आम्ही चौदाजण माथ्यावर होतो, दीड वाजला होता. पूर्वेला पट्टा किल्ल्याच्या बाजूला काळं दिसत होतं, पण माथ्यावर ऊन. मी कठड्याजवळ हात नेला तर लोखंडातून बारीक भुणभुण येत होती, माशी बाटलीत अडकल्यासारखी. हातावरचे केस उभे राहिले. जेवणाचे डबे उघडलेले तसेच उचलायला लावले आणि सगळ्यांना खाली पिटाळलं. शेवटची शिडी उतरून, लोखंडापासून लांब, उघड्या उतारावर एकमेकांपासून अंतर ठेवून उकिडवे बसवलं. दहा मिनिटांत माथ्यावर कडकडाट सुरू झाला. पाऊण तास आम्ही तिथं भिजत होतो. माथ्यावर जेवायचा मोह मला झाला, ती माझी चूक. त्या दिवसापासून मी दुपारी बारानंतर कुणालाही माथ्यावर ठेवत नाही, महिना कोणताही असो.

तुमच्यासाठी वेळापत्रक साधं आहे. वाईहून बारी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास: पुणे, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, मग भंडारदऱ्याचं शेंडी आणि पुढं बारी. सात-आठ तास धरा. रात्रभर गाडी चालवून पहाटे थेट चढायला लागू नका, झोप नसेल तर शिडीवर लक्ष राहत नाही. आदल्या दिवशी दुपारी पोचा, गावात कुणाच्या घरी उतरा. नागलीची भाकरी मिळेल. आपण नाचणी म्हणतो ती. भात तिथला चवीचा असतो. गावातलाच एखादा वाटाड्या सोबत घ्या, तो सासूबाईंच्या पुढं दोन पावलं चालेल. पहाटे साडेपाचला विजेरी घेऊन निघालात तर तुमच्या वेगानं चार-साडेचार तासांत माथा यावा. साडेदहापर्यंत विहिरीपाशी पोचला नाहीत तर तिथूनच देवीला हात जोडून परत फिरा. उतरायला तीन-साडेतीन तास राखून ठेवा. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेचं एक पाकीट, गूळ-शेंगदाणे, आणि एक जाड कपडा. बारीपेक्षा माथा पाच-सहा अंशांनी थंड असतो, त्यात वारा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मोठ्यानं गाणी नकोत, आणि कड्याखाली धूर तर मुळीच नको. कातळाच्या कपारीत आग्यामाशांची मोहोळं असतात.

वर पोचलात आणि हवा स्वच्छ असली तर मुलाला दिशा दाखवा. पश्चिमेला ओळीनं अलंग, मदन, कुलंग. दक्षिणेला धरणाचं पाणी, त्याच्या टोकाला रतनगड, आणि त्याच दिशेला दूर हरिश्चंद्रगड. उत्तरेला त्र्यंबकचे डोंगर आणि त्याच्या उजवीकडं लांब सातमाळा रांग.

मुलाला जरूर न्या. अकरा वर्षांची मुलं शिड्या मोठ्यांपेक्षा चांगल्या चढतात, त्यांचा धोका पळण्यात असतो. म्हणून त्याला एक काम द्या. ओटीचं सामान त्याच्या पिशवीत. खण, तांदूळ, हळदकुंकू कापडी पुरचुंडीत बांधलेलं, नारळ टॉवेलात गुंडाळलेला. 'आजीची ओटी सांडू द्यायची नाही' एवढं सांगितलं की तो आपोआप जपून चालेल आणि आजीच्या मागंच राहील. प्लास्टिकच्या पिशवीत काही नेऊ नका. आणि नारळ वर फोडलात तर करवंट्या त्याच पिशवीतून खाली आणा.